सिस्टरची कोल्ड चेन

नागपूरच्या मेट्रोत मांडीवर निळी व्हॅक्सिनची पेटी घेऊन बसलेली, पांढऱ्या सुती साडीतली, ताठ मानेची एखादी म्हातारी तुम्ही पाहिली असेल, तर आता सांगायला हरकत नाही. त्या पेटीत लस नव्हती. बटर होतं. बटर, चीजची एक लादी आणि चारी बाजूंनी बर्फाचे पॅक, अगदी सरकारी पद्धतीनं लावलेले. ही म्हातारी सीताबर्डीच्या एका डेअरीतून ते घेऊन यायची. आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कोपऱ्यावर किराणा दुकान होतं, तिथंही बटर मिळायचं. पण तो दुकानदार दुकान बंद करताना फ्रीजही बंद करतो, हे तिनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. “कोल्ड चेन तोडते तो,” असं ती लशीच्या भाषेत म्हणायची, एखाद्यानं सरकारी तिजोरी फोडल्यासारखं तोंड करून.

एकदा मी त्यांच्याबरोबर होते. समोरच्या सीटवर एक तरुण आई मूल घेऊन बसली होती. तिनं पेटीकडे पाहिलं आणि चाचरत विचारलं, “बाई, पोलिओचा डोस आहे का?” आपण असतो तर ‘नाही’ म्हणून मोकळे झालो असतो. यांनी आधी मुलाचं वय विचारलं. मग कोणकोणत्या लशी झाल्या ते विचारलं. गोवराची राहिली आहे हे कळल्यावर त्या बाईची भर मेट्रोत अशी काही हजेरी घेतली, की शेजारचे दोन कॉलेजचे पोरगे आपल्याही लशी आठवू लागले. शेवटी म्हणाल्या, “या पेटीत माझ्या नाश्त्याचं सामान आहे. पण तुझं पोट्टं उद्या सेंटरवर दिसलं पाहिजे.” आणि दुसऱ्या दिवशी त्या खरंच लसीकरणाच्या सेंटरवर जाऊन उभ्या राहिल्या. ती बाई आली होती. घाबरून आली असेल, पण आली.

त्या माझ्या घरमालकीण. सगळा ले-आउट त्यांना सिस्टर म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणायचे. उभी नोकरी एका मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून झाली. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा शिकून पुण्याला लागला. खालच्या मजल्यावर त्या आणि त्यांचा गोल, काचेच्या झाकणाचा ॲल्युमिनियमचा ओव्हन असे दोघं राहत. वरची खोली भाड्यानं.

मी मूळची खाप्याची. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरी लागली, आणि खाप्याहून रोज येणं-जाणं करायचं तर अर्धा जन्म बसमध्ये जाणार होता, म्हणून वर्धा रोडच्या बाजूला खोली शोधत होते. जिथं जाईन तिथं घरमालक आधी आडनाव विचारत, मग गाव, मग घुमवून-फिरवून जात, आणि शेवटी ‘मित्र-बित्र येतात का?’ सिस्टरनी दार उघडलं, “जय भीम” म्हणाल्या. मी “नमस्कार” म्हटलं, तेही त्यांना चाललं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. बसल्या बसल्या त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि डोळे मिटले. मला वाटलं नाडी बघतायत.

“थंडे आहेत वं तुझे हात,” त्या म्हणाल्या. “तेही मे महिन्यात. खोली वर आहे, पाहून घे.”

“आणि गरम असते तर?”

“तरीबी दिली असती. पण माझ्या किचनमध्ये घेतलं नसतं.”

हा त्यांचा नेम होता. गॅसचा माणूस असो, वीजबिलवाला असो की नगरसेवक, सिस्टर पहिल्या भेटीत हात हातात घेऊन पाहत. गरम हातांची माणसं भाकरीची, थंड हातांची माणसं स्कोनची, अशी त्यांनी मानवजातीची दोन भागांत वाटणी केली होती. नगरसेवक भाकरीचे निघाले. त्यांना ते आवडलं नाही, पण मत मागायला आलेला माणूस हात सोडवून घेणार कसा?

आता स्कोन म्हणजे काय, हे सांगायला हवं. पाव आणि बिस्किट यांच्या मधलं काहीतरी असतं ते. वरून खुसखुशीत, आत मऊ, थर सुटणारं, मुठीएवढं. साहेबलोक गोड करतात आणि वर जॅम लावतात. सिस्टरचे खारे, चीजचे. ले-आउटमध्ये त्यांना ‘सिस्टरचे रोडगे’ असं नाव पडलं होतं, कारण आमच्याकडे गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा म्हणजे रोडगा, आणि दोन्ही दिसायला चुलतभाऊ. सिस्टरना हे नाव मुळीच खपायचं नाही. “रोडगा बाहेरून काळा झाला तरी चालते,” त्या म्हणत. “हे नाजूक काम आहे.”

त्या शिकल्या कुठं, हे मी पुष्कळ दिवस विचारलं नव्हतं. एकदा चीज किसता किसता त्यांनीच सांगितलं. ट्रेनिंगला होत्या तेव्हा हॉस्पिटलात एक परदेशी मेट्रन होती, साऱ्या नर्सांची मुख्य. दुपारच्या चहाला ती स्वतःच्या हातानं स्कोन करायची. एकदा तिचा हात मोडला. तिनं साऱ्या शिकाऊ मुलींना ओळीनं उभं केलं, एकेकीचे हात हातात घेऊन पाहिले आणि सिस्टरचे पसंत केले.

“आमच्या वस्तीतल्या पोरीच्या हातचं पाणी घ्यायले बी लोक मागं-पुढं पाहत होते तेव्हा,” सिस्टर म्हणाल्या. “बाबानं मले खांद्यावर बसवून दीक्षेले नेलं होतं, पण लोकांनी थोडीच दीक्षा घेतली होती? आणि ह्या बाईनं माझे हात धरले अन् सरळ आपल्या पिठात घातले. म्हणे, किती छान थंड आहेत.” मग किसणी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “म्हून मी आडनाव नाही विचारत कोणाले. हात पाहते.”

मी त्यांच्या त्या वेडाला तोवर हसत असे. त्यानंतर कधी हसले नाही.

मेट्रनची पाककृती मात्र त्यांनी तशीच्या तशी ठेवली नव्हती. “बाईचं मन मोठं होतं, पण हात फिक्का होता.” सिस्टरच्या स्कोनमध्ये ओवा, बारीक हिरवी मिरची आणि सांबार पडायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरबाहेरच्या वाचकांनी घाबरू नये. वरून ताकाचा हात आणि भिवापुरी तिखटाची चिमूट. ते ओव्हनमधून निघाले, की चीजचा आणि मिरचीचा असा वास जिन्यातून वर यायचा की रविवारी मला गजर लावावा लागत नसे.

खरी मजा मे महिन्यात. स्कोनचा सगळा जीव बटरच्या थंडपणात असतो. बटर पिठात खड्याखड्यानं राहिलं पाहिजे. म्हणजे ओव्हनच्या आचेत ते वितळतं, त्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. आधीच वितळलं तर स्कोन बसकण मारतो. आणि हे सारं अशा गावात करायचं, जिथं नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, नळाचं पाणी जवळजवळ चहाला चालेल असं येतं. बायका गच्चीवर कुरड्या आणि पापड वाळवत असताना सिस्टर खाली किचनमध्ये उन्हाशी कुस्ती खेळत. हिवाळ्यात करा की, असं कुणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “हिवाळ्यात काय, कोणीबी करते.”

त्यासाठी आदल्या संध्याकाळपासून तयारी चाले. मैद्याचा डबा फ्रीजमध्ये. परात फ्रीजरमध्ये. किसणी आणि स्कोन कापायचा स्टीलचा ग्लासही फ्रीजरमध्ये. दूध मात्र मुद्दाम बाहेर, कारण त्याचं दही लावून ताक व्हायचं असे. पहाटे उठून त्या कूलर बंद करत, पंखा बंद करत, खिडकीला ओली चादर लावत आणि एका पातेल्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात मनगटापर्यंत हात बुडवून, डोळे मिटून बसत. नवख्या माणसानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई कुठल्या तरी पंथाला लागल्या.

मग कामाला सुरुवात झाली की त्यांचे हात असे चालत की बोलायला फुरसत नसे. बोटांच्या टोकांनी बटर पिठात चुरायचं, तळवा लावायचा नाही. ताक एकदाच ओतायचं. गोळा थापायचा, लाटायचा नाही. आणि ग्लासनं कापताना तो सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचा. जरा फिरवला की कडा चिकटतात आणि स्कोन एका अंगानं फुगतो. “इंजेक्शन देऊन राहिलो असं समजायचं,” त्या सांगत. “सुई सरळ जाते, सरळ येते. आत गेल्यावर पिळून राहिली का तू?”

माझा पहिला घाणा ऐकण्यासारखा आहे. आईनं लहानपणापासून माझ्या डोक्यात एकच भरलं होतं, कणीक मळावी तर अशी मळावी की कानाच्या पाळीसारखी झाली पाहिजे. मुलगी सासरी टिकणार की नाही हे आमच्याकडे कणकेवरून ठरतं. सिस्टर दार उघडायला गेल्या, तेवढ्यात ताक पडलेलं पीठ माझ्या हातांना दिसलं आणि हातांनी मला न विचारता ते मळायला घेतलं. छान, गुळगुळीत, दोन्ही तळव्यांनी. वर तेलाचा हात लावून झाकूनही ठेवलं. सिस्टर आल्या, झाकण उचललं आणि मृत घोषित करताना डॉक्टर बोलतात तशा शांतपणे म्हणाल्या, “पोळ्या करून राहिली होती का?” तरी त्यांनी ते भाजले. मी एक खाऊन पाहिला आणि धीर करून विचारलं, “कसे झाले?”

“एक घे,” त्या म्हणाल्या, “अन् खिडकीच्या काचेले मारून पाहा. काच वाचली तर मले सांग.”

खोटी स्तुती त्यांच्याकडे मिळायची नाही. बाकी जगात आपण डब्यातून काही पाठवतो, समोरचा ‘मस्त झालं होतं’ म्हणतो आणि डबा परत करतो. सिस्टर डबा घेऊन स्वतः जात आणि निकाल सांगत. शेजारच्या वहिनींनी एकदा सांबारवडी पाठवली. सिस्टर गेल्या आणि म्हणाल्या, “आवरण जाड झालं. आत खसखस कमी आहे. अन् तेल जुनं होतं.” वहिनी रडल्या. त्यांच्या यजमानांनी दोन दिवस सिस्टरना जय भीम घातला नाही. चार दिवसांनी वहिनींनी पुन्हा वडी केली आणि पुन्हा पाठवली. सिस्टर पुन्हा गेल्या, दारातच म्हणाल्या, “आता झाली.” वहिनी ते ‘आता झाली’ अजून सांगतात, पोराच्या पहिल्या नंबराच्या आधी सांगतात. मला विचाराल, तर ज्याच्या तोंडून कधी खोटं निघत नाही, अशा माणसाच्या शेजारी राहणं सोपं नसतं. पण एकदा सवय झाली की बाकीच्या जगाची ‘मस्त, मस्त’ अळणी वाटायला लागते.

पण याच बाईला गप्प बसणंही येत होतं. माझं लग्न ठरलेलं मोडलं, त्या दिवसांत खाप्याहून फोनवर फोन. आत्या, मावश्या, मामा, सगळ्यांना कारण हवं होतं. काहून मोडलं, कोणी मोडलं, तू काही बोलली होती का? सिस्टरनी एक अक्षर विचारलं नाही. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की चहा आणि एक गरम स्कोन समोर ठेवायच्या आणि आपला पेपर वाचत बसायच्या. मी रडायचे, त्या पान उलटायच्या. एक दिवस मीच म्हटलं, “तुम्ही काही विचारत नाही?” त्या म्हणाल्या, “जास्त हात लावला की कडक होते, पोरी.” आणखी काही दिवसांनी मला म्हणाल्या, “झालं का रडून? मग ये, चीज किस.” माझ्या आईनंतर मला कुणी सांभाळलं असेल तर त्या बाईनं, हे मला आज मोकळेपणानं म्हणावंसं वाटतं.

त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. पुण्याची. मुलगा चांगला होता, आईवर जीव होता, आणि त्याचमुळे दर फोनवर एकच लावून धरायचा, घर विकून टाकू, तू इकडे ये. “त्याच्या फ्लॅटात माझा ओव्हन ठेवायले जागा नाही,” सिस्टर मला सांगत. “ओव्हनले जागा नाही म्हणजे मले बी नाही. दिवसभर बाल्कनीत बसून दुसऱ्यांच्या बाल्कन्या मोजू का?” हे घर त्यांनी नाइट ड्यूट्या करून बांधलं होतं. इथून जायचं म्हटलं, की त्यांचा तो ताठ चेहरा क्षणभर म्हातारा व्हायचा.

आणि एका मे महिन्यात, ऐन नवतपात, मुलगा न सांगता येऊन उभा राहिला.

दोन दिवस त्यानं आईला नुसतं पाहिलं. शनिवारी दुपारी तो जिना चढून माझ्या दाराशी आला. घामानं भिजलेला, डोळे लाल.

“ताई, तुम्ही रोज पाहता तिले. खरं सांगा,” तो म्हणाला. “तिचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी फ्रीज उघडला, तर आत पीठ. फ्रीजर उघडला, तर परात. किसणी बी. दूध उन्हात काढून ठेवलं. आज पहाटे मी उठलो, तर पंखा बंद, खिडकीले ओली चादर, अन् ती अंधारात पाण्यात हात घालून डोळे मिटून बसली आहे. मी हाक मारली तर म्हणते, थांब, अजून थंडे नाही झाले. मी घाबरून बाहेरच निघून गेलो. काल तिनं मले एकच गोष्ट दोनदा सांगतली. मी घराले गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे. सोमवारी तो येऊन राहिला. मी तिले घेऊनच जातो.”

मला हसू आवरेना, आणि त्याची कीवही आली. मी त्याला पायरीवर बसवलं आणि बटरपासून ग्लासपर्यंत सगळी कोल्ड चेन समजावून सांगितली. पीठ का थंड, परात का थंड, हात का थंड. तो लहान असताना सिस्टर ड्यूट्यांत बुडालेल्या. स्कोन त्यानं खाल्ले होते, होताना कधी पाहिले नव्हते. ऐकता ऐकता त्याचा चेहरा सैल होत गेला. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हसला की रडला ते मला कळलं नाही.

“म्हणजे ती ठीक आहे,” तो म्हणाला.

“आपल्या दोघांहून ठीक आहे,” मी म्हटलं. “उद्या रविवार. उद्या पुन्हा करतील त्या. समोर बसून पाहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं किचनच्या दारात खुर्च्या टाकून बसलो. मुलगा पाहतोय म्हटल्यावर सिस्टर रंगात आल्या होत्या. प्रत्येक गोष्ट सांगून सांगून करत होत्या, इंजेक्शनचं सांगितलं, मेट्रनचं सांगितलं, त्याचे हात धरून पाहिले आणि “बापावर गेला, भाकरीचा आहे,” असं जाहीरही केलं. मुलगा इतका खूश होता की सोमवारच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवायचं, असं त्यानं मला हळूच सांगितलं. मग ओव्हनचं काचेचं झाकण उचललं.

स्कोन फुगले नव्हते. रंग आला होता, वास आला होता, पण पेढ्यासारखे चपटे बसले होते.

मुलाला त्यातलं काय कळणार? त्यानं एक उचलला, तोंड भाजत खाल्ला आणि म्हणाला, “आई, मस्त झाले गा!” लहानपणाची बोली तोंडात आली होती, बाईला ‘वं’ म्हणायचं आणि पुरुषाला ‘गा’, याचंही भान नव्हतं. सिस्टरनी एक मोडला. आतून पाहिला. वास घेतला. छोटा तुकडा खाल्ला आणि बाकीचा ताटलीत ठेवला.

“पावडर नाही यात,” त्या म्हणाल्या. “बेकिंग पावडर राहिली.”

मी घाईनं मध्ये पडले. “व्होल्टेज कमी असेल, सिस्टर. सकाळपासून लाइट कमीजास्त होऊन राहिली. ओव्हन तापला नसेल नीट.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, पण ते पाहणं मी विसरणार नाही. “खोटं नको बोलू वं,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी तर नकोच.”

त्या क्षणी त्या गप्प बसल्या असत्या, तर घर वाचलं होतं. व्होल्टेजवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि मुलगा आनंदानं पुण्याला परत गेला असता. हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मुलासमोर उभ्या राहिल्या, हात मागे बांधून, जशा वॉर्डात उभ्या राहत असतील.

“ड्यूटी बदलताना पेशंटचं सगळं सांगावं लागते,” त्या म्हणाल्या. “येणाऱ्या सिस्टरपासून काही लपवलं, तर मरते तो पेशंट. आपलं काही जात नाही. म्हून ऐक. पेशंट बाई. वय बहात्तर. बीपीची गोळी सकाळी घेते, चुकत नाही. शुगर नाही. गॅस बंद करायले आजवर विसरली नाही. जुनं सगळं आठवते. कालचं विसरते. नावं विसरते. एकच गोष्ट दोनदा सांगते, अन् सांगून झाल्यावर तिले शंका येते की आपण आधी सांगतली. बेकिंग पावडर आज पहिल्यांदा नाही राहिली. आधीचे दोन घाणे, एक तर कालचाच, तिनं गाईले टाकले अन् कोणाले सांगतलं नाही. ते तिचं चुकलं.” एवढं एका दमात बोलून त्या थांबल्या. “झालं. चार्ज तुझ्याकडे.”

मुलगा उठला आणि त्यानं आईला मिठी मारली. त्या तशाच उभ्या होत्या, हात मागे बांधलेले.

“अन् आता पुण्याले न्यायचं का?” त्याच्या खांद्यावरून त्यांनी विचारलं. “तुले वाटते तर ने. मी आडवं नाही येणार. पण तीस वर्षांची नोकरी करून सांगते, असा पेशंट त्याच्या पलंगावरून हलवत नसतात. नवीन वॉर्डात त्याले संडासाचं दार बी सापडत नाही.”

मी पुस्तकांत शूर माणसांबद्दल पुष्कळ वाचलं आहे. प्रत्यक्षात एकच पाहिलं, आणि त्याच्या साडीला पीठ लागलेलं होतं.

गिऱ्हाइकाला सोमवारी नको म्हणून सांगितलं गेलं. मुलगा आठवडाभर राहिला आणि जाताना आईशी करार करून गेला, दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा आणि परातीत काहीही पडायच्या आधी ते मोठ्यानं बोलून दाखवायचं. मग पुण्याहून आवाज यायचा, “मीठ?” इकडून, “घातलं.” “पावडर?” “घातली.” “दाखव.” त्यावर सिस्टर कॅमेऱ्यापुढे डबी नाचवत म्हणायच्या, “दाखव म्हणते! मी याचे लंगोट बदलले, अन् हा मले दाखव म्हणते!” पण दाखवायच्या. दीड वर्षानंतर त्यानं कंपनीकडून घरून काम करायची परवानगी काढली आणि तो नागपूरलाच आला. माझं तोवर लग्न झालं होतं, मी हैदराबादला गेले होते. वरच्या खोलीत आता तो राहतो.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी आले तेव्हा त्यांना भेटायला गेले. दार मुलानं उघडलं, कोपरापर्यंत पिठात. सिस्टर ओव्हनजवळच्या खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या. मी समोर बसले, नाव सांगितलं, खापा सांगितलं. त्यांनी हसून मान हलवली, ओळख नसलेल्या माणसाला हसतात तशी. मला वाईट वाटलं, फार वाटलं. मुलगा म्हणाला, “मले बी कधी कधी बिलवाला समजते.” आणि पुन्हा कामाला लागला.

स्कोन निघाले. उंच, सरळ, वर तांबडं तिखट. त्यानं पाच मिनिटं थांबून एक आईच्या हातात दिला. त्यांनी तो मोडला, आतून पाहिला, वास घेतला, तुकडा चावला.

“कोणी केले हे?” त्यांनी विचारलं.

“मी केले.”

“तुले कोणी शिकवलं?”

“होत्या एक सिस्टर,” तो म्हणाला.

“कडक होती का?”

“बहुतच कडक.”

“मग बरोबर आहे,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा घेतला.